घेणाऱ्यानेच भाव ठरवायचा?

१९८९ साली मी एका तालुक्याच्या गावी बँकेत शेतकी अधिकारी होतो. धरणाचा कालवा त्या भागातून जायचा होता. ज्यांच्या जमिनी कालव्यात गेल्या त्यांना मोबदल्याचे धनादेश मिळू लागले होते आणि ते जमा करायला माणसे आमच्या शाखेत येत. एके सकाळी दोघे चुलतभाऊ आले. बांधाला बांध लागून शेते, एकाच विहिरीचे पाणी आणि निवाड्यात लागलेला भावही एकच. फरक एवढाच, की धाकट्याने पैसे घेताना पावतीवर सहीच्या वर ‘हरकत राखून’ असे दोन शब्द लिहिले होते. त्याचा मेव्हणा वकिलाकडे कारकून होता, त्याने तसे बजावून पाठवले होते. थोरल्याला सगळे अण्णा म्हणत. त्यांना या प्रकाराचे हसू आले. म्हणाले, “सरकारपुढं कसली हरकत घ्यायची, साहेब? दिलं ते पदरात घ्यावं अन् गप बसावं.”

मीही हसलो. एवढेच नव्हे, तर कोर्टकचेरीच्या भानगडीत न पडल्याबद्दल मी अण्णांचे कौतुक केले आणि त्यांना मुदत ठेवीचा फॉर्म दिला. ठेवीचे उद्दिष्ट पुरे करायचे होते आणि मार्च जवळ आला होता.

बारा वर्षांनी त्याच शाखेत मी व्यवस्थापक म्हणून गेलो. धाकट्याच्या खात्यावर वाढीव मोबदला व्याजासकट जमा झाला होता. दारात ट्रॅक्टर आला होता. अण्णा माझ्यासमोर बसले आणि त्यांनी विचारले, “साहेब, माझं कधी यायचं?” त्यांचे यायचे नव्हते. १८९४ च्या भूसंपादन कायद्यात अशी तरतूद होती, की ज्याने हरकत न नोंदवता पैसे उचलले त्याला वाढीव मोबदल्यासाठी न्यायालयात जाण्याचा अर्ज करता येत नाही. १९८४ च्या दुरुस्तीने अण्णांसारख्यांसाठी एक खिडकी उघडली होती. त्याच अधिसूचनेतल्या दुसऱ्या कुणाला न्यायालयाने जादा भाव दिला, तर अर्ज न केलेल्यांनाही त्या निकालापासून तीन महिन्यांत तसाच भाव मागता येई. पण निकाल जिल्ह्याच्या गावी लागला आणि अण्णांना तो कळला ट्रॅक्टर आल्यावर. तीन महिने केव्हाच उलटून गेले होते.

बांधाच्या एका बाजूला न्याय पोचला आणि दुसऱ्या बाजूला पोचला नाही. जमीन तीच, सरकार तेच, कायदाही तोच. एकाला न्यायाधीशाच्या दारापर्यंत जाता आले, दुसऱ्याला आले नाही, एवढाच काय तो फरक. जमीन सक्तीने घेतली जाते तेव्हा तिचे गाऱ्हाणे कोणत्या दारी न्यायचे, हा प्रश्न तेव्हापासून माझ्या मनातून गेलेला नाही. वरवर पाहता तो वकिलांचा प्रश्न वाटतो. पण रस्तारुंदीत ज्यांच्या सोसायटीची भिंत मागे सरकते किंवा मेट्रोच्या आखणीत ज्यांचे दुकान सापडते, त्या शहरातल्या माणसांचाही तो तेवढाच आहे.

सार्वजनिक कामासाठी खासगी जमीन घेण्याचा अधिकार सरकारला असावा, याबद्दल माझी तक्रार नाही. धरणे, रस्ते, रेल्वे त्यावाचून व्हायची नाहीत. मात्र या व्यवहारात दोन वेगळे प्रश्न असतात आणि आपण त्यांची गल्लत करतो. पहिला प्रश्न : ही जमीन घेणे योग्य आहे का? दुसरा : घेतली तर तिची किंमत किती? पहिला प्रश्न राज्यघटनेचा आणि धोरणाचा आहे, तो उच्च न्यायालयाकडे जावा हे ठीकच. दुसरा प्रश्न मातीचा आहे. विहिरीला पाणी किती हात, आंब्याची झाडे किती, रस्ता किती लांब, शेजारचे खरेदीखत कितीचे, असे सगळे. तो जमिनीजवळच्या माणसाने ऐकावा लागतो, आणि ऐकणारा माणूस घेणाऱ्याचा नोकर असता कामा नये.

आम्ही बँकवाले या बाबतीत फार काटेकोर. कर्ज मंजूर करणारा अधिकारी तारण मालमत्तेचे मूल्यांकन स्वतः करीत नाही, ते बाहेरचा मूल्यांकनकार करतो. थकबाकीदाराचे घर लिलावात काढायचे तर राखीव किंमत ठरवण्याआधी मान्यताप्राप्त मूल्यांकनकाराचा अहवाल लागतो, आणि एवढे करूनही कर्जदाराला त्याविरुद्ध न्यायाधिकरणात जाता येते. ज्याने कर्ज बुडवले त्याला जे संरक्षण आहे, ते ज्याने कुणाचे काहीच बुडवलेले नाही त्या जमीनमालकाला असू नये काय?

भूसंपादनात पहिला भाव ठरवतो तो सरकारचाच अधिकारी. त्याच्या आदेशाला आपण ‘निवाडा’ म्हणतो. शब्द भारदस्त आहे. ऐकणाऱ्याला वाटते, न्याय झाला. पण सर्वोच्च न्यायालयाने १९६१ सालीच स्पष्ट केले, की हा निवाडा म्हणजे सरकारच्या वतीने जमीनमालकाला दिलेला एक देकार आहे. बाजाराच्या भाषेत, गिऱ्हाइकाने सांगितलेली किंमत. गिऱ्हाइकाने किंमत सांगावी, त्याला ना नाही. पण त्या किमतीला निवाडा म्हणायचे आणि अण्णांसारख्याने तो देवाचा कौल समजून अंगठा उठवायचा, यात काहीतरी चुकते आहे.

जुन्या कायद्यात निदान पुढचे दार चांगले होते. हरकत घेणाऱ्याचा अर्ज दिवाणी न्यायालयाकडे जाई. पुण्याच्या एका संपादनाच्या खटल्यात १९८८ साली सर्वोच्च न्यायालयाने या कामाची जी सूत्रे घालून दिली, ती आजही देशभर वापरली जातात. त्यांतले पहिले महत्त्वाचे सूत्र असे, की हे अपील नव्हे, ही नव्याने चौकशी आहे. सरकारी अधिकाऱ्याने निवाड्यात ज्या कागदांचा आधार घेतला, तेही न्यायालयात शाबीत झाल्याखेरीज त्याच्याविरुद्ध वापरता येत नाहीत. म्हणजे न्यायाधीश कोरी पाटी घेऊन बसतो. एका बाजूला शेतकरी, दुसऱ्या बाजूला सरकार, दोघेही साक्षीदार आणणार, दोघांचीही उलटतपासणी होणार. आपल्या व्यवस्थेत अडाणी माणूस सरकारच्या बरोबरीने उभा राहतो अशा जागा फार नाहीत. ही त्यांपैकी एक होती.

या दारापर्यंतची वाट मात्र बिकट. अर्ज न्यायालयात थेट देता येत नसे. तो त्याच जिल्हाधिकाऱ्याकडे द्यायचा आणि त्याने पुढे पाठवायचा. ज्याच्याविरुद्ध तक्रार, तोच टपालवाला. त्यातून सहा आठवड्यांची मुदत, हरकतीचे ते दोन शब्द आणि मग वर्षानुवर्षांच्या तारखा. न्यायालयाचा उशीर हे सरकारचे नेहमीचे गाऱ्हाणे असते आणि ते खोटे नाही. पण उशिराचा हिशेब बँकेतल्या माणसाने मांडला तर तो असा निघतो : वाढीव रकमेवर ताबा घेतल्यापासून पहिल्या वर्षी ९ टक्के आणि पुढे दर वर्षी १५ टक्के व्याज द्यावे लागते. दहा वर्षे गेली, तर ९ अधिक ९ गुणिले १५, म्हणजे १४४ टक्के. एक लाखाचे दोन लाख चव्वेचाळीस हजार. योग्य भाव वेळेवर न देण्यात शेतकऱ्याचे आयुष्य जाते आणि सरकारचा खजिनाही. फायदा होतो तो मधल्यांचा, कमी पैशात शेतकऱ्याचा दावा आपल्या खिशात घालणाऱ्यांचा. असे लोक मी माझ्या टेबलासमोर बसलेले पाहिले आहेत.

उशिरावर उपाय म्हणून काय झाले? न्यायालय वेगवान करण्याऐवजी न्यायालयच बाजूला सारण्याची वाट निघाली. १९९७ साली राष्ट्रीय महामार्ग कायद्यात दुरुस्ती झाली. महामार्गासाठी घेतलेल्या जमिनीचा भाव मान्य नसेल तर लवादाकडे जायचे, आणि लवाद नेमायचा केंद्र सरकारने. रेल्वेच्या २००८ च्या दुरुस्तीतही हीच रीत आली. लवाद म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर दोन्ही पक्षांनी राजीखुशीने निवडलेला पंच येतो. येथे निवड एकाच पक्षाची, आणि हा पंच बहुधा जिल्हाधिकारी किंवा आयुक्त दर्जाचा महसुली अधिकारी असतो. त्या अधिकाऱ्यांच्या सचोटीवर मी शंका घेत नाही, त्यांतले कित्येक माझे स्नेही आहेत. पण ज्याच्यावर रस्त्याच्या कामाला जमीन वेळेत मिळवून देण्याची जबाबदारी असते, त्यालाच भावाचा न्याय करायला बसवणे हे त्याच्यावरही अन्यायाचे आहे.

आणि लवादाने चूक केली तर? न्यायालयात जाता येते, पण हात बांधून. तामिळनाडूतल्या एका प्रकरणात महामार्गासाठी गेलेल्या जमिनींना चौरस मीटरला ४६ ते ८३ रुपयांच्या आसपास भाव लागला होता. लवाद म्हणून बसलेल्या जिल्हाधिकाऱ्यांनी तोच कायम केला. जिल्हा न्यायाधीशांनी तो ६४५ रुपये केला. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. २०२१ च्या निकालात न्यायालयाने सांगितले, की लवादाचा निर्णय न्यायालयाला रद्द करता येतो, बदलता येत नाही. जिल्हा न्यायाधीशांना भाव वाढवण्याचा अधिकारच नव्हता. त्या शेतकऱ्यांचे नशीब एवढेच, की झालेली वाढ सर्वोच्च न्यायालयाने त्यांच्याकडून काढून घेतली नाही. २०२५ साली घटनापीठाने न्यायालयांना लवादाचा निर्णय मर्यादित बाबतींत सुधारण्याची मुभा दिली, हिशेबातली चूक, व्याज किंवा वेगळा काढता येण्याजोगा सदोष भाग. पण पुरावा पुन्हा तपासून जमिनीचे मोल नव्याने ठरवणे, हे त्या मुभेत बसत नाही. कोरी पाटी गेली ती गेलीच.

नवल पुढेच आहे. २०१३ साली नवा भूसंपादन कायदा झाला आणि १ जानेवारी २०१४ पासून लागू झाला. मोबदल्याची सूत्रे त्याने पुष्कळ सुधारली. शंभर टक्के दिलासा रक्कम आली, ग्रामीण भागात बाजारभावाला गुणक आला. १ जानेवारी २०१५ पासून ही सूत्रे महामार्ग आणि रेल्वेलाही लागू झाली. म्हणजे भाव काढण्याची रीत एक झाली, पण भाव चुकला तर दाद मागण्याची दारे दोनच राहिली. समजा, एका शेतकऱ्याची दोन एकर जमीन राज्याच्या कालव्यात गेली आणि उरलेली दोन एकर महामार्गात. पहिल्या दोन एकरांसाठी त्याला न्यायिक अनुभवाच्या माणसासमोर पुरावा देता येईल. दुसऱ्या दोन एकरांसाठी त्याने सरकारनियुक्त लवादापुढे उभे राहायचे. एकाच सातबाऱ्यावरच्या जमिनीला दोन प्रकारचा न्याय कशासाठी?

नव्या कायद्याने दिवाणी न्यायालयाऐवजी खास प्राधिकरण आणले. त्याचा प्रमुख जिल्हा न्यायाधीश असलेला वा राहिलेला, किंवा किमान सात वर्षांचा अनुभव असलेला विधिज्ञ हवा. नेमणूक सरकार करते, पण उच्च न्यायालयाच्या मुख्य न्यायमूर्तींशी सल्लामसलत करून. जिल्हाधिकाऱ्याने अर्ज तीस दिवसांत पुढे पाठवला नाही, तर प्राधिकरणाकडे दाद मागता येते. प्रकरण सहा महिन्यांत निकालात काढावे असे बंधन आहे. हे सारे लवादापेक्षा शतपटीने बरे. पण कायद्यात ‘एक किंवा अधिक प्राधिकरणे’ एवढेच म्हटले आहे, जिल्ह्याला एक असे बंधन नाही. आणि ‘हरकत राखून’ची जुनी अट नव्या कायद्यातही जशीच्या तशी आहे. अण्णा आज असते तर पुन्हा फसले असते.

सहा महिन्यांच्या मुदतीबद्दल मला स्वानुभवाने बोलता येईल. बँकांची थकीत कर्जे दिवाणी न्यायालयांत वर्षानुवर्षे अडकत, म्हणून आम्ही बँकवाल्यांनी वेगळ्या दाराचा आग्रह धरला आणि १९९३ च्या कायद्याने कर्जवसुली न्यायाधिकरणे आली. १८० दिवसांत अर्ज निकाली काढण्याचा प्रयत्न व्हावा असे त्या कायद्यात लिहिले होते. आम्ही पेढे वाटायचे तेवढे बाकी ठेवले होते. पुढे काय झाले हे त्या न्यायाधिकरणांच्या पायऱ्या झिजवलेल्या कुठल्याही अधिकाऱ्याला विचारा. रिक्त पदे, अपुरे कर्मचारी, आणि सहा महिन्यांच्या जागी सहा वर्षे. दाराला नवी पाटी लावल्याने न्याय वेगाने होत नाही. आत माणूस बसावा लागतो.

बँकांवरून आणखी एक आठवण होते. १९ जुलै १९६९ रोजी चौदा बँकांचे राष्ट्रीयीकरण झाले. तेव्हा मी शाळेत होतो, पण नोकरीत लागल्यावर प्रशिक्षणात हा इतिहास आम्हाला शिकवला गेला. बँका घेणे हेही एका अर्थाने सक्तीचे संपादनच. त्याविरुद्ध भागधारक रुस्तम कूपर सर्वोच्च न्यायालयात गेले. अकरा न्यायमूर्तींचे पीठ बसले आणि १० फेब्रुवारी १९७० रोजी, म्हणजे सात महिन्यांच्या आत निकाल लागला. मोबदल्याची सूत्रे न्याय्य नाहीत, हे कायदा रद्द होण्याचे एक मोठे कारण ठरले. पुढे सुधारलेल्या मोबदल्यासह राष्ट्रीयीकरण पुन्हा झाले. ते योग्यच झाले असे मी मानतो, माझी सारी नोकरी त्या व्यवस्थेत गेली. पण भागधारकाला सात महिन्यांत अकरा न्यायमूर्ती मिळाले आणि धाकट्याला एका न्यायाधीशासाठी दहा वर्षे थांबावे लागले, हा हिशेब काही केल्या जुळत नाही. त्या वेळी मालमत्तेचा हक्क मूलभूत होता, म्हणून थेट सर्वोच्च न्यायालयाचे दार ठोठावता येई. १९७८ च्या ४४ व्या घटनादुरुस्तीने तो मूलभूत हक्कांतून निघाला. श्रीमंतांच्या मक्तेदारीला आळा बसावा हा हेतू होता. दार मात्र गरिबाचेही बंद झाले.

सरकारची बाजूही ऐकली पाहिजे. न्यायालये कधीकधी भाव भरमसाट वाढवून देतात, प्रकल्पाची कुणकुण लागताच फुगवलेली खरेदीखते तयार होतात, एका गावात एक भाव आणि शेजारच्या गावात दुसरा असे होते, असे अधिकारी सांगतात. हे घडते. पण फुगवलेले खरेदीखत उघडे पडते ते उलटतपासणीत, फायलीत नव्हे. आणि न्यायाधीश चुकला तर सरकारलाही उच्च न्यायालयात अपील आहेच. न्यायाधीशाला जमिनीतले काय कळते, असेही विचारले जाते. त्याला कळायला नको, त्याला ऐकता आले पाहिजे. कळणारे साक्षीदार म्हणून येतील.

तेव्हा माझे म्हणणे थोडक्यात असे. कालवा असो, महामार्ग असो की रेल्वे, जमिनीच्या किमतीचा वाद एकाच दारी जावा, आणि ते दार जिल्ह्याच्या न्यायाधीशाचे असावे. ज्या जिल्ह्यात संपादने अधिक तेथे याच कामासाठी एक न्यायाधीश नेमावा. त्याने महिन्यातले काही दिवस तालुक्याला बसावे, गरज पडली तर बांधावर जाऊन जमीन पाहावी. अर्ज थेट त्याच्याकडे करता यावा. प्रत्येक पावती ‘हरकत राखून’ आहे असेच कायद्याने धरावे, आणि ज्याला हरकत नसेल त्याने तसे लिहून द्यावे. आणि एकाच्या खटल्यात भाव वाढला, तर त्या अधिसूचनेतल्या प्रत्येकाला न्यायालयाने स्वतःहून नोटीस काढावी, गावच्या चावडीवर ती लावावी. पहिल्या प्रश्नासाठी, म्हणजे जमीन घ्यावी की नाही यासाठी, उच्च न्यायालय आहेच. तेही जवळ आले तर बरे. ऑगस्ट २०२५ मध्ये कोल्हापूरला मुंबई उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच सुरू झाले आणि सहा जिल्ह्यांच्या पक्षकारांची मुंबईची वारी वाचली. अंतर कमी होणे हाही न्यायाचाच भाग आहे.

यात मुळशीची आठवण येणे अपरिहार्य आहे. १९२१ साली सेनापती बापट आणि मावळे धरणाविरुद्ध उभे राहिले, तेव्हा हाती होता तो हाच १८९४ चा कायदा. शंभर वर्षांत जमिनी घेणारे बदलले, कायदेही बदलले. घेणाऱ्यानेच भाव सांगायचा ही रीत मात्र आजही पुरती सुटलेली नाही.

अण्णा त्या दिवशी फार बोलले नाहीत. मी त्यांना कायदा समजावून सांगितला, बारा वर्षे उशिराने. ते ऐकत होते. शेवटी उठताना म्हणाले, “म्हणजे दोन शब्द लिहायचे राहिले, एवढंच ना?” मी मान हलवली. १९८९ साली टेबलाच्या या बाजूला बसून ते दोन शब्द सांगायला मलाही काही अडचण नव्हती. मीही घेणाऱ्यांच्याच बाजूला बसलो होतो, एवढाच त्याचा अर्थ. म्हणूनच मला वाटते, भाव ठरवताना टेबलाच्या दोन्ही बाजूंना न बसणारा कुणीतरी खोलीत असला पाहिजे.